तिसऱ्या औषधाचा वानवळा

भीमराज पगारे चव्वेचाळीस वर्षं जगला. त्यातली एकवीस त्यानं राहुरीच्या कृषी विद्यापीठात कांद्याच्या प्लॉटांवर काढली.

प्लॉट म्हणजे तीन मीटर बाय दोन मीटरचा वाफा. वाफ्याच्या डोक्याला खुंटी, खुंटीवर पत्र्याची पट्टी, पट्टीवर नंबर. कुठल्या वाफ्याला कुठलं खत आणि कुठली फवारणी हे साहेब ठरवत नसत. डब्यात चिठ्ठ्या टाकून काढत. एका वाफ्याला नेहमीचं तेवढंच द्यायचं, नवं काही नाही. त्याला कंट्रोल म्हणायचं. नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांना भीमराज पहिल्याच दिवशी बांधावर उभं करी आणि सांगे, की एका वाफ्यातला चिखल पायाला घेऊन दुसऱ्यात जायचं नाही, आणि फवाऱ्याचा पंप तीनदा धुतल्याशिवाय त्यात दुसरं औषध भरायचं नाही. पोरं हसत. एकानं एकदा विचारलं, काका, कांद्याला काय कळतंय?

"कांद्याला न्हाई कळत," भीमराज म्हणाला. "पन वहीत खोटं उतरतं."

सत्त्याण्णव साली लागवडीच्या दिवसांत त्याची पाठ धरली. वाकून काम करणाऱ्याची पाठ धरतेच, असं सगळ्यांनी धरून चाललं. नगरच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. पट्टा बांधून तो महिनाभर कामावर गेला. मग एके दिवशी कांद्याची क्रेट उचलताना पाठीत काहीतरी खचलं. फोटोत मणका चेपलेला दिसला. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात कंबरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला, तपासला, आणि आजाराचं नाव सांगितलं. मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मगजात वाढणारा रक्ताचा कॅन्सर. रक्तात एक खराब प्रोटीन वाढतं, त्यावरून तो किती आहे ते मोजता येतं.

पहिल्या गोळ्यांनी एक वर्ष बरं गेलं. भीमराज कामावर परतला. बायको भागिरथी अंगणवाडीत जात होती, ती परत जाऊ लागली. मुलगी यशोधरा बारावीला बसली. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात प्रोटीन पुन्हा वाढलं. जुन्या गोळ्यांना आता ते जुमानत नव्हतं.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत पुण्याच्या सीमा मॅडमनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि कागदावर दोन चौकोन काढले. परत आलेल्या आजाराच्या रुग्णांवर एक चाचणी सुरू होत होती. एका चौकोनातल्या लोकांना दोन औषधं एकत्र मिळणार. दुसऱ्यातल्यांना तीच दोन आणि वर तिसरं, एक कॅप्सूल. कॅप्सूल जुनीच होती. पोटातल्या बाळांवर वाईट परिणाम व्हायचे म्हणून बदनाम झालेली. आता परदेशात या आजारावर ती चालतेय असं दिसत होतं. तिन्ही मिळून जास्त चालतात की नुसता त्रासच वाढतो, हे बघायचं होतं. औषध फुकट. दर चार आठवड्यांनी यायचं, रक्त द्यायचं, रोज काय घेतलं ते वहीत लिहायचं.

"चिठ्ठी कोन काढतं?" भीमराजनं विचारलं.

हे मॅडमना आजवर कुणी विचारलं नव्हतं. बंद पाकिटं मुंबईहून येतात, त्या म्हणाल्या, आत काय आहे ते मलाही ठाऊक नसतं.

"मंग ठीक. हातानं वाटलं की आवडत्या बियाला चांगलं वावर जातं."

त्याच्या पाकिटात तीन औषधं निघाली.

बाहेरच्या बाकावर मिरजगावची लंकाबाई बसली होती. वय छप्पन्न, नवरा कधीच गेलेला. आठवडे बाजारात ती कांद्याचं, वांग्याचं, मिरचीचं रोप विकायची. सोबत बहिणीचा मुलगा छगन. आजार तोच, तोही परत आलेला. तिनं संमतीच्या कागदावर अंगठा दिला. तिच्या पाकिटात दोन औषधं निघाली.

"आमच्यात एक कमी घातलं व्हय?" ती म्हणाली.

"गिळायचा तरास वाचला, मावशे," छगन म्हणाला. "नायतरी तू कुठलं औशद येळेवर घेती."

भीमराजनं तिला समजावून सांगितलं. मॅडमनी सांगितलेलं तिला कळलं नव्हतं, पण वाफे आणि चिठ्ठ्या कळल्या. मग तिनं विचारलं, म्हणजे मी कंट्रोल का? भीमराजनं तिला गाडीची वेळ विचारली.

पुढचे महिने दोघं एकाच गाडीनं पुण्याला जाऊ लागली. तो राहुरीहून नगरला यायचा, ती मिरजगावहून. माळीवाड्याच्या स्टँडवर गाठ पडे. लंकाबाई कधी रिकाम्या हातानं आली नाही. ज्याच्या रानात जे निघेल ते शेजाऱ्यापाजाऱ्याला द्यायचं, त्याला वानवळा म्हणतात. तिचं स्वतःचं रान दोन गुंठे, पण डब्यात कधी शेवग्याच्या शेंगा, कधी लसणाची चटणी, कधी घुगऱ्या. पहिल्या खेपेला भागिरथीनं विचारलं होतं, त्यांना आपलं आडनाव ठाऊक हाय ना? भीमराजनं ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लंकाबाई एवढंच म्हणाली होती, की सुईनं दोघांचंबी हाड सारखंच टोचलं.

आलेला डबा भागिरथी तसाच परत पाठवत नसे. कुणाचंही भांडं रिकामं परत करायचं नाही, ही दोन्हीकडची रीत. मूठभर शेंगदाणे का होईनात, काहीतरी आत पडायचं.

मे महिन्यापर्यंत भीमराजचं प्रोटीन अर्ध्याहून खाली आलं. पाठ सुटली. कॅप्सूलनं झोप यायची, पोट जड व्हायचं, पायाला मुंग्या येत, पण तो प्लॉटवर जाऊन उभा राहू लागला. लंकाबाईचं मात्र आधी होतं तिथंच राहिलं आणि जूनमध्ये वाढलं. त्या खेपेला ती गाडीत मागच्या बाकावर आडवी झाली. खड्डा आला की ओठ दातात धरायची. छगनची टिंगल बंद झाली होती. परतताना तो भीमराजला बाजूला म्हणाला, की मावशी बाजारला बसायची बंद झालीय. सोमवारी तिची जागा दुसऱ्या बाईनं धरली.

लंकाबाईनं काही मागितलं नाही. हे भीमराजनं पुढं मॅडमना दोनदा सांगितलं.

तिनं नगरला उतरताना डबा त्याच्या हातात दिला होता. आत कांद्याच्या रोपाची ओली जुडी. "आता लावायला कोन हाय माज्यात," ती म्हणाली. "तुमच्या वाफ्यात लावा, दादा." जुडी त्यानं पिशवीत घेतली. डबा रिकामा झाला. ती डब्यासाठी हात पुढं करून उभी. त्याच्याजवळ त्या दिवशी दुसरं काही नव्हतं. पिशवीत नवी बाटली होती. छप्पन्न कॅप्सूल, रोज दोन.

त्यानं स्टँडवरच्या बाकावर बसून अठ्ठावीस मोजल्या, कागदात गुंडाळल्या, डब्यात घातल्या आणि झाकण लावलं. रोज संध्याकाळी एक घ्या म्हणाला. दोघं एक-एक घेऊ.

लंकाबाईनं डबा पोटाशी धरला.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. त्याच्याइतकं ते कुणालाच कळत नव्हतं. राहुरीच्या गाडीत बसल्यावर त्यानं वही काढली. त्या तारखेपुढं कॅप्सूलच्या रकान्यात दोन लिहिलं. एकवीस वर्षांत त्यानं वहीत लिहिलेलं हे पहिलं खोटं.

जुलैत लंकाबाईचं प्रोटीन वाढायचं थांबलं. त्या बाटलीतल्याही अठ्ठावीस कॅप्सूल तिच्या डब्यात गेल्या. ऑगस्टमध्ये खाली आलं. ती गाडीत बसून आली. सोमवारच्या बाजारला जागा परत घेतली, असं तिनं स्वतः सांगितलं, आणि त्या दुसऱ्या बाईला काय काय बोलली तेही सांगितलं. छगन पुन्हा चेष्टा करू लागला. भीमराजचं प्रोटीन वर गेलं होतं. थोडं. मॅडमनी भुवया उंचावल्या, वही उलटून पाहिली, बाटली तपासली. बाटली रिकामी होती. हिशोब जुळत होता.

मग त्या लंकाबाईकडं वळल्या. चेहरा उजळला होता.

"आजी, तुम्ही कमाल केलीत. जूनमध्ये वाढलं तेव्हा मी घाबरले होते. जुलैत परत वाढलं असतं तर तुम्हाला तिसरं औषध सुरू करणारच होते. दोन रिपोर्ट पाठोपाठ वाढले की द्यायचं, नियमच आहे तो. पण तुम्हाला गरजच पडली नाही."

छगनला तो नियम ठाऊक असायला हवा होता. फेब्रुवारीत त्याला कागद वाचून दाखवला होता. त्यात पुष्कळ काही होतं, त्यात हेही होतं, आणि तो विसरला होता. भीमराजच्या गटाला ते लागू नव्हतं, म्हणून त्यानंही ते लक्षात ठेवलं नव्हतं.

भीमराज बाकावर बसून राहिला. चार आठवडे. त्यानं चार आठवडे कळ काढली असती, तर तिला तिची स्वतःची बाटली मिळाली असती. दोन-दोन कॅप्सूल, कागदोपत्री. आता तिचा रिपोर्ट सांगत होता की दोनच औषधं पुरतात. त्याचा सांगत होता की तीन घेऊनही आजार वाढतो. दोन्ही उलटं. आणि चाचणीत ही दोघंच नव्हती. पुढं कुणाला काय द्यायचं ते या कागदांवरून ठरणार होतं.

परतीच्या गाडीत त्यानं लंकाबाईला सांगितलं, की मी मॅडमना खरं सांगतो.

"सांगितलं तर काय करत्याल?"

"काडून टाकत्याल दोघांनाबी. औषध बंद."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. सुप्याचं माळरान मागं पडत होतं.

"दादा, मी आज हितवर बसून आले," ती म्हणाली. "बसून. आपल्या दोघातलं दोघातच ऱ्हाऊ द्या."

नगरला त्यानं पुन्हा अठ्ठावीस कॅप्सूल मोजून दिल्या. तो महिना त्याला कठीण गेला. दुखणं परत पाठीत आलं. भागिरथीनं विचारलं की औषध लागू पडेनासं झालं का. तो म्हणाला, बघू. प्लॉटवर एका विद्यार्थ्यानं पंप न धुता वापरला, तेव्हा पोरांना वाटलं आता काका फाडून खाणार. भीमराज नुसता बांधावर बसला. नंतर त्यानं स्वतःच पंप धुतला.

सप्टेंबरात स्टँडवर लंकाबाई छगनच्या खांद्याला धरून आली. डावी पोटरी सुजून टम्म, कातडी ताणलेली, गरम. छगन म्हणाला, दोन दिवस बाजारात मांडी घालून बसली, ऐकती का कुनाचं. गाडीत तिला पाय लांब करायला लावला. वाघोलीच्या पुढं ती एकदा म्हणाली, की दम लागतोय.

हॉस्पिटलात तिला आधी एका नव्या डॉक्टरनं पाहिलं. तिच्या औषधांची यादी वाचली. या दोन औषधांनी असं होत नाही, तो म्हणाला. काहीतरी चावलं असेल, पू होत असेल. त्यानं पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि पाय उंच ठेवायला सांगितलं.

भीमराजजवळ एक घडी केलेला कागद होता. तीन औषधांच्या गटालाच तो मिळाला होता. कॅप्सूल घेताना काय त्रास झाला तर ताबडतोब कळवायचं, त्याची यादी. चौथ्या ओळीत पायाची सूज होती. पाचव्यात दम लागणं. लंकाबाईला हा कागद मिळालेला नव्हता. तिला मिळायचं कारणच नव्हतं.

तो उठला तसा लंकाबाईनं त्याचं मनगट धरलं. तिला कळलं होतं.

"नगा, दादा. पाय उतरंल."

"न्हाई उतरायचा."

"तुमचंबी बंद हुईल. पोरगी हाय तुमाला."

त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. मग मॅडमच्या खोलीचं दार उघडून आत गेला. आत दुसरा रुग्ण होता. भीमराज थांबला नाही.

"मॅडम, लंकाबाई जूनपास्नं माझी कॅप्सूल घेतेय. रोज एक. मी एक. वहीत मी खोटं लिवलं. तिचा पाय सुजलाय, ती घरी चाललीय."

मॅडम खुर्चीतून उठल्या त्या थेट बाहेर पळाल्या. स्ट्रेचर मागवलं. तासाभरात पायाच्या तपासणीत रक्ताची गाठ दिसली, लांब, मांडीपर्यंत. रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू झालं. गाठीचा तुकडा सुटून छातीत जायला लागला होता. घरी गेली असती तर, असं मॅडम छगनला म्हणाल्या आणि वाक्य अर्धंच सोडलं.

संध्याकाळी त्यांनी भीमराजला आत बोलावलं. त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या फार थकलेल्या दिसत होत्या.

"तुम्हाला तरी कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला चिठ्ठी कोण काढतं विचारलं होतंत."

भीमराजनं होकारार्थी मान हलवली.

"का केलंत?"

त्यानं डब्याचं सांगितलं. कांद्याच्या रोपाचं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते पुरेसं वाटेना. मॅडमनी ऐकून घेतलं. दोघांचीही नावं चाचणीतून काढावी लागतील, त्या म्हणाल्या.

"काडा. पन नुसतं खोडू नका," तो म्हणाला. "आमच्यात वाफा खराब झाला तर वहीत कारन लिवत्यात. पानी शिरलं, ढोर शिरलं. तसं लिवा. भीमराज पगारेनं औषध वाटलं."

त्यांनी त्याच्यापुढं त्याची वही ठेवली आणि लाल पेन दिलं. लंकाबाईनं नेमक्या किती घेतल्या हे तिच्या डॉक्टरांना हवं होतं. जूनमधल्या त्या तारखेपासून त्यानं एकेका दोनवर काट मारली, शेजारी एक लिहिलं आणि खाली सही केली. ऐंशीच्या वर सह्या झाल्या. बाहेर छगन उभा होता. त्यानं भीमराजला चहा आणून दिला आणि मावशीकडं परत गेला.

लंकाबाई वाचली. तीन आठवड्यांनी घरी गेली. कॅप्सूल तिला आता कधीच देता येणार नव्हती. दुसरी इंजेक्शनं सुरू झाली, तिचे केस गेले. तिनं पुण्याला जायची गाडी बदलली. सकाळची धरू लागली. छगन एकदा स्टँडवर भेटला तेव्हा भीमराजनं विचारलं, राग हाय का? छगन म्हणाला, राग न्हाई म्हनती. लाज वाटती म्हनती. आणि गाडीकडं वळताना म्हणाला, मलाबी.

मॅडमनी भीमराजसाठी औषध कंपनीला पत्रं लिहिली. ऑक्टोबरात चाचणीबाहेर का होईना, पण त्याला पूर्ण बाटली मिळाली. रोज दोन. भागिरथीला त्यानं सप्टेंबरातच सगळं सांगितलं होतं. या वेळी प्रत्येक कॅप्सूल त्यानं तिच्यासमोर घेतली. प्रोटीन खाली आलं नाही. दिवाळीनंतर दंडाचं हाड नुसतं कूस बदलताना मोडलं. भागिरथी एकटी पुण्याला जाऊन मॅडमना भेटली. तिनं सरळ विचारलं, औषध वाटल्यामुळं झालं का. मॅडमनी सांगितलं, की अर्ध्या औषधामुळे आजार निबर झाला असेल. नसेलही. पूर्ण घेऊनही काही लोकांत तो परत उसळतोच.

डिसेंबरात त्याला नगरच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. कोवळं ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. यशोधरा खाली औषध आणायला गेली होती. भागिरथीनं तीन महिने जे विचारलं नव्हतं ते त्या सकाळी विचारलं.

"दोन्ही तुमीच घेतल्या असत्या तर?"

भीमराजनं डोळे उघडले. बोलायला त्याला त्रास होत होता. तरी तो विचार करून बोलला, जसा तो बांधावर बोलायचा.

"सांगता येत न्हाई. एका प्लॉटवरनं काईच सांगता येत न्हाई."

भागिरथीनं त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

"तुमी प्लॉट न्हवता," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. तीन दिवसांनी तो गेला. त्या तीन दिवसांत पुष्कळ माणसं येऊन भेटून गेली. त्या वाक्याचं उत्तर त्यानं दिलं नाही, आणि तिनंही पुन्हा मागितलं नाही.